विश्लेषण : ओळख नसलेल्या शत्रूशी शरीर कसे लढते? मेचनिकॉव्ह यांच्या काट्यापासून ‘नॅचरल किलर’ पेशींपर्यंत…

एखादा नवा विषाणू पहिल्यांदाच शरीरात शिरला, की त्याच्यावर नेमकी प्रतिपिंडे म्हणजे अँटीबॉडी तयार व्हायला साधारण आठवडा-दोन आठवडे लागतात. मग तोवर शरीर कुणाच्या भरवशावर असते? करोनाकाळात ‘अँटीबॉडी’ हा शब्द घरोघरी पोहोचला. मात्र आधीच्या त्या दिवसांत जी फौज खिंड लढवते, तिच्याविषयी फारसे बोलले गेले नाही. जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी आणि बाधित पेशींना थेट मारणाऱ्या ‘नॅचरल किलर’ म्हणजेच एनके पेशी या फौजेत मोडतात. तिच्याकडे जगाचे लक्ष पहिल्यांदा वेधले ते डॉक्टर नसलेल्या एका प्राणिशास्त्रज्ञाने. इल्या मेचनिकॉव्ह हे त्यांचे नाव. त्यासाठी त्यांना नोबेल मिळाले खरे, पण त्यानंतर कित्येक दशके विज्ञान त्यांच्या मुख्य मुद्द्यापासून दूरच राहिले.

मेचनिकॉव्ह कोण होते?

इल्या इलिच मेचनिकॉव्ह यांचा जन्म मे १८४५ मध्ये खार्किव्हजवळच्या एका खेड्यात झाला. हा भाग तेव्हा रशियन साम्राज्यात होता, आज तो युक्रेनमध्ये आहे. वडील झारच्या लष्करी तुकडीतले अधिकारी, आई एका ज्यू लेखकाची मुलगी. पाच भावंडांत इल्या सर्वांत धाकटे. खार्किव्ह विद्यापीठातला चार वर्षांचा अभ्यासक्रम त्यांनी दोन वर्षांत संपवला आणि १८६४ मध्ये पदवी घेऊन जर्मनी गाठली. रोगांशी त्यांचा तेव्हा काहीही संबंध नव्हता. समुद्रातले बिनकण्याचे जीव, त्यांच्या अळ्या, अंड्यापासून प्राणी कसा घडतो, हे त्यांचे विषय.

१८६५ मध्ये गीसेन येथे एका चपट्या कृमीचा अभ्यास करताना त्यांना दिसले, की त्याच्या आतड्यातल्या पेशी अन्नाचे कण थेट आपल्या पोटात ओढून पचवतात. अमिबा खातो तसेच. नोंद साधी होती, पण ती त्यांच्या डोक्यात राहिली. पुढे सतरा वर्षांनी तिचा उपयोग झाला.

ओडेसा, सेंट पीटर्सबर्ग आणि पुन्हा ओडेसा असा त्यांचा प्राध्यापकीचा प्रवास झाला. बुद्धी तल्लख, स्वभाव तापट, डोळे अधू आणि वाद घालण्याची हौस दांडगी.

विज्ञानाआधीची लढाई कोणती?

१८६९ मध्ये मेचनिकॉव्ह यांनी ल्युडमिला फेदोरोविच यांच्याशी लग्न केले. क्षयरोगाने त्या इतक्या खंगल्या होत्या, की लग्नासाठी त्यांना खुर्चीवर बसवून चर्चमध्ये न्यावे लागले. तेव्हा क्षयावर औषध नव्हते. उबदार हवेच्या ठिकाणी राहणे एवढाच इलाज. पगार, भाषांतरे, उसनवारी असे सगळे करून मेचनिकॉव्ह पत्नीला घेऊन दक्षिणेत फिरत राहिले. एप्रिल १८७३ मध्ये मदेरा बेटावर ल्युडमिला गेल्या. मेचनिकॉव्ह तेव्हा २८ वर्षांचेही नव्हते.

परतीच्या वाटेवर त्यांनी जीवन संपवण्याचा प्रयत्न केला. त्यातून ते वाचले. त्यानंतर जीनिव्हात एका पुलावर दिव्याभोवती घिरट्या घालणारे किडे त्यांना दिसले. इतके अल्पायुषी जीव नैसर्गिक निवडीच्या नियमात कसे बसतात, असा प्रश्न त्यांच्या मनात आला आणि त्या प्रश्नाने त्यांना पुन्हा कामाकडे खेचले.

१८७५ मध्ये त्यांनी ओल्गा बेलोकोपितोव्हा यांच्याशी दुसरे लग्न केले. वरच्या मजल्यावरच्या गोंगाट करणाऱ्या कुटुंबातली ही मुलगी त्यांच्याकडे प्राणिशास्त्र शिकायला येत असे. पुढे ओल्गा त्यांच्या प्रयोगांतल्या सहकारी झाल्या. त्यांनीच नंतर त्यांचे चरित्रही लिहिले. १८८० मध्ये ओल्गांना विषमज्वराने गाठले. त्या बचावल्या, पण मेचनिकॉव्ह पुन्हा कोलमडले. त्यातच १८८१ मध्ये झार दुसरा अलेक्झांडर याची हत्या झाली आणि विद्यापीठांवर सरकारी वरवंटा फिरू लागला. याच काळात त्यांनी उलटून उलटून येणाऱ्या तापाच्या रुग्णाचे रक्त स्वतःला टोचून घेतले. हा आजार रक्तातून पसरतो का, हे त्यातून कळेल आणि आपलाही शेवट होईल, असा तो दुहेरी हिशोब होता. खूप आजारी पडून ते बरे झाले. त्यानंतर मात्र जगण्याविषयीची त्यांची दृष्टी पालटली. म्हातारपणी ते स्वतःला आशावादी म्हणवत, यात या दोन प्रसंगांचा वाटा मोठा असावा.

मेसिनात नेमके काय दिसले?

१८८२ मध्ये मेचनिकॉव्ह यांनी ओडेसातली नोकरी सोडली. ओल्गांच्या आईवडिलांचे निधन झाले होते. वारशाचे पैसे होते आणि ओल्गांच्या धाकट्या भावंडांची जबाबदारीही होती. सगळे बिऱ्हाड सिसिली बेटावरच्या मेसिना शहरात समुद्राकाठी राहायला गेले.

डिसेंबर महिना होता. घरची मंडळी कसरती करणारी माकडे पाहायला सर्कशीला गेली होती. मेचनिकॉव्ह एकटेच सूक्ष्मदर्शकासमोर बसले होते. भिंगाखाली तारामाशाच्या अळ्या होत्या, काचेसारख्या पारदर्शक. आतल्या काही पेशी इकडून तिकडे सरकताना दिसत होत्या. या भटक्या पेशी अन्नाचे कण खातात हे त्यांना ठाऊक होते. त्या घुसखोरालाही खात असतील का, असा विचार त्यांच्या मनात आला.

तपासण्याची कल्पना अगदी घरगुती होती. माणसाच्या बोटात कुसळ शिरले की तिथे सूज येते, पू होतो. पू म्हणजे मुख्यतः पांढऱ्या पेशीच. अळीच्या अंगात काही टोचले तर तिच्या भटक्या पेशीही तिथे गोळा झाल्या पाहिजेत. घरामागच्या छोट्या बागेत गुलाब होता. त्याचे काटे आणून त्यांनी अळ्यांच्या त्वचेखाली खुपसले. रात्रभर त्यांना झोप लागली नाही. पहाटे पाहिले तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडला होता.

ही हकीकत मेचनिकॉव्ह यांनी बऱ्याच वर्षांनी सांगितली आणि ओल्गांच्या चरित्राने ती जगभर पोहोचवली. त्यामुळे तिला थोडी झिलई चढली असणे शक्य आहे. एका रात्रीत सिद्धान्त उभा राहिला, असे मानायचे कारण नाही. कृमीच्या आतड्यातल्या पेशींपासून ते या विषयाभोवती फिरतच होते.

काट्याचा प्रयोग इतका महत्त्वाचा का ठरला?

खरी मेख अळीच्या साधेपणात आहे. त्या काळी सूज म्हणजे रक्तवाहिन्यांचा बिघाड असे मानत. वाहिन्या फुगतात, पाझरतात आणि पांढऱ्या पेशी ओढल्यासारख्या बाहेर येतात, असे ते चित्र होते. तारामाशाच्या अळीला रक्तवाहिन्याच नसतात. तरीही पेशी काट्याकडे धावल्या. म्हणजे त्या वाहून आल्या नव्हत्या, स्वतःहून चालत गेल्या होत्या. सूज हा आजाराचा भाग नसून शरीराचा प्रतिहल्ला आहे, असा अर्थ मेचनिकॉव्ह यांनी त्यातून काढला.

डॉक्टरांची समजूत याच्या अगदी उलट होती. पांढऱ्या पेशींत जंतू दिसले, तर त्या पेशी जंतूंना अंगभर पसरवतात असे शिकवले जाई. विख्यात जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिर्को मेसिनाला आले असता त्यांनी हे प्रयोग पाहिले. त्यांनी उत्तेजन दिले, पण जपून राहण्याचा सल्लाही दिला. १८८३ मध्ये व्हिएन्नात प्राणिशास्त्रज्ञ कार्ल क्लाउस यांनी या पेशींना ग्रीक शब्दांवरून ‘फॅगोसाइट’ म्हणजे भक्षक पेशी हे नाव सुचवले.

यानंतर जंतूशी सामना दाखवणे गरजेचे होते. काटा काही आजार देत नाही. १८८४ मध्ये मेचनिकॉव्ह यांनी तळ्यातल्या डॅफ्निया या पारदर्शक पाणपिसवेवर काम केले. तिला एक बुरशी लागते. बुरशीचे सुईसारखे बीजाणू आतडे फोडून शरीरात घुसतात. भक्षक पेशींनी त्यांना वेळेत गिळले तर पिसू जगते. बीजाणू रुजून वाढू लागले तर पेशी हरतात आणि पिसू मरते. हे सगळे भिंगाखाली, जिवंत प्राण्यात, डोळ्यांदेखत घडत होते. मोठ्या भक्षक पेशींना त्यांनी पुढे ‘मॅक्रोफेज’ म्हटले. तोच शब्द आजही वापरात आहे.

पॅरिसला का जावे लागले?

१८८५ मध्ये लुई पाश्चर यांनी कुत्रा चावल्यावरची लस यशस्वी केली. पुढच्याच वर्षी ओडेसात जंतुशास्त्र केंद्र उघडले आणि मेचनिकॉव्ह त्याचे संचालक झाले. ही नेमणूक त्यांना मानवली नाही. ते डॉक्टर नव्हते, त्यामुळे रुग्णांना लस टोचण्याचा त्यांना अधिकार नव्हता. स्थानिक डॉक्टर विरोधात, अधिकाऱ्यांना मात्र झटपट निकाल हवे. त्यातच त्यांच्या गैरहजेरीत काळपुळीची लस टोचलेल्या हजारो मेंढ्या दगावल्या.

त्यांनी बाहेर जागा शोधायला सुरुवात केली. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांनी त्यांची नमुन्यांची काच पाहून थंडपणे बोळवण केली. पॅरिसमध्ये पाश्चर यांचे वागणे वेगळे होते. मेचनिकॉव्ह यांनी फक्त मानद काम मागितले होते. पाश्चर यांनी नव्या संस्थेत त्यांना अख्खी प्रयोगशाळा दिली. १८८८ पासून अखेरपर्यंत, म्हणजे २८ वर्षे, ते तिथेच राहिले.

मुंबईशी संबंध काय?

या प्रयोगशाळेच्या आसऱ्याला आलेल्यांत ओडेसातला त्यांचा एक जुना विद्यार्थी होता, वाल्डेमार हाफकिन. ज्यू असल्यामुळे रशियात त्याला विद्यापीठातली जागा मिळत नव्हती. १८८९ मध्ये तो पाश्चर संस्थेत आला तेव्हा जागा होती ती ग्रंथपालाची. पुस्तके सांभाळत त्याने उरलेल्या वेळात प्रयोग केले आणि १८९२ मध्ये कॉलऱ्याची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली.

पुढचा भाग मराठी वाचकांच्या परिचयाचा आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग पसरल्यावर हाफकिन यांना पाचारण झाले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये मिळालेल्या जागेत त्यांनी प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी पहिली मात्रा स्वतः घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगातील स्वयंसेवक कैद्यांवर तिची चाचणी झाली. परळची हाफकिन संस्था त्याच कामातून उभी राहिली. स्वतःवर प्रयोग करण्याची ही सवय गुरूकडूनच आलेली असावी, कारण १८९२ मध्ये मेचनिकॉव्ह यांनीही कॉलऱ्याचे जंतू असलेले द्रव पिऊन पाहिले होते. त्यांना काहीही झाले नाही. का झाले नाही, या प्रश्नाने ते आतड्यातल्या इतर जिवाणूंकडे वळले.

पेशी की रक्तजल, वाद कोण जिंकले?

१८९० मध्ये बर्लिनमध्ये एमिल फॉन बेरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवले, की धनुर्वात आणि घटसर्पाचे विष निष्प्रभ करणारे द्रव्य रक्तजलात असते. पेशी नसलेले नुसते रक्तजल एका प्राण्यातून दुसऱ्यात टोचले तरी संरक्षण मिळते. घटसर्पाने गुदमरणारी मुले या उपचाराने वाचू लागली, तेव्हा युरोपातल्या डॉक्टरांना वेगळा पुरावा लागला नाही. पेशीबिशी दुय्यम, खरे संरक्षण रक्तजलात, असे मत जर्मनीत पक्के झाले.

१८९४ मध्ये रिचर्ड फायफर यांनी आणखी एक तडाखा दिला. लस दिलेल्या गिनीपिगच्या पोटात कॉलऱ्याचे जंतू सोडले तर ते भक्षक पेशींविना आपोआप विरघळतात, असे त्यांनी दाखवले. मेचनिकॉव्ह यांचे उत्तर होते, की पेशी फुटून त्यातून बाहेर पडलेल्या द्रव्याने हे घडते. पण १८९५ मध्ये त्यांच्याच प्रयोगशाळेत, त्यांच्याच हाताखालच्या ज्युल बोर्दे या तरुणाने सिद्ध केले, की रक्तजलातील दोन घटक मिळून जंतूंना मारतात. साहेबांच्या सिद्धान्ताला छेद देणारे निष्कर्ष त्याच प्रयोगशाळेतून छापून आले. हे मेचनिकॉव्ह यांच्या बाजूने नोंदवायला हवे. बोर्दे यांना पुढे १९१९ चे नोबेल मिळाले.

हा वाद केवळ शास्त्राचा नव्हता. १८७०-७१ च्या युद्धाची जखम ताजी होती. पेशींची बाजू पॅरिसची आणि रक्तजलाची बाजू बर्लिनची, अशी सरळ फाळणी झाली होती. दोन्हीकडचे पुरावे खरे होते, ही त्यातली गंमत. लंडनमध्ये अल्मरोथ राइट यांनी १९०३ मध्ये दाखवले, की रक्तजलातले काही घटक जंतूंना चिकटतात आणि मग भक्षक पेशी त्यांना सहज गिळतात. म्हणजे एक खूण करतो, दुसरा खातो.

१९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकॉव्ह आणि रक्तजलाच्या बाजूचे बिनीचे शिलेदार पॉल अर्लिक यांना विभागून देण्यात आले. त्याच वर्षीच्या २८ डिसेंबरला मेसिना शहर भूकंपात उद्ध्वस्त झाले.

पारितोषिकाची वाटणी सारखी झाली, पण पुढचा काळ अर्लिक यांच्या बाजूचा ठरला. प्रतिपिंडे बाटलीत भरता येत, मोजता येत, विकता येत. भक्षक पेशींचे मोजमाप कठीण होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात प्रतिकारशक्तीचे शास्त्र म्हणजे जवळजवळ रक्तजलाचे रसायनशास्त्र झाले.

दह्याचे प्रकरण काय होते?

उतारवयात मेचनिकॉव्ह यांना वार्धक्याने पछाडले. मोठ्या आतड्यात कुजवणारे जिवाणू विष तयार करतात आणि त्या विषाने माणूस अकाली म्हातारा होतो, असा त्यांचा कयास होता. बल्गेरियातले शेतकरी दीर्घायुषी असतात आणि ते आंबवलेले दूध भरपूर पितात, अशा माहितीवरून त्यांनी आंबट दुधातल्या जिवाणूंची शिफारस केली. स्वतः रोज ते पिऊ लागले. ‘जेरोंटोलॉजी’ म्हणजे वार्धक्यशास्त्र हा शब्दही त्यांचाच, १९०३ चा.

ताक-दही रोज खाणाऱ्यांना हे ऐकायला बरे वाटेल, पण या दाव्यामागचा पुरावा लंगडा होता. दीर्घायुष्याचे आकडे तपासलेले नव्हते आणि मोठे आतडे निरुपयोगी आहे हे त्यांचे म्हणणे सरळ चुकीचे निघाले. तरीही युरोप-अमेरिकेत दह्याची लाट आली. त्यांच्या नावाने गोळ्या आणि पावडरी खपू लागल्या. आतड्यातले जिवाणू आरोग्यावर परिणाम करतात, एवढा त्यांचा अंदाज आज खरा ठरला आहे. दह्याने आयुष्य वाढते हा भाग नाही.

१९१३ पासून त्यांचे हृदय साथ देईनासे झाले. पहिल्या महायुद्धात तरुण सहकारी आघाडीवर गेले आणि प्रयोगशाळा ओस पडली. १५ जुलै १९१६ रोजी पॅरिसमध्ये त्यांचे निधन झाले. ते ७१ वर्षांचे होते. मृत्यूनंतर आपले शवविच्छेदन करून आतडी नीट तपासावीत, असे त्यांनी सहकाऱ्याला बजावून ठेवले होते. त्यांचा रक्षाकलश पाश्चर संस्थेच्या ग्रंथालयात ठेवला आहे.

‘नॅचरल किलर’ पेशी कुठून आल्या?

भक्षक पेशी जंतूला गिळतात, हे ठीक. पण विषाणू आपल्याच पेशीच्या आत जाऊन लपतो. कर्करोगात तर आपलीच पेशी बिघडलेली असते. तिथे गिळण्यासारखे परके काही दिसत नाही. या कामासाठी टी पेशी असतात हे १९६०-७० च्या दशकात कळले. मात्र टी पेशींना आधी शत्रूची ओळख पटावी लागते, मग त्यांची संख्या वाढते. त्यात दिवस जातात.

त्याच सुमारास कर्करोगाच्या पेशींवर प्रयोग करणाऱ्यांना एक त्रास होत होता. ज्या उंदरांना त्या पेशींची कधीच ओळख करून दिलेली नाही, त्यांच्या प्लीहेतल्या पेशीसुद्धा कर्करोगाच्या पेशी मारत. नोंदीत हा आकडा नकोसा वाटे. उपकरणात खरखर यावी तशी ही खरखर समजून अनेकांनी ती वजा केली. स्वीडनमधील कॅरोलिन्स्का संस्थेतील रॉल्फ किसलिंग, एव्हा क्लाइन आणि हान्स विग्झेल यांनी, तसेच अमेरिकेत रोनाल्ड हर्बरमन यांच्या गटाने, ती खरखर हाच संदेश असल्याचे १९७५ मध्ये मांडले. कोणतेही पूर्वशिक्षण न घेता मारणाऱ्या या पेशींना ‘नॅचरल किलर’ असे नाव मिळाले. रक्तातील लिम्फोसाइट पेशींत त्यांचे प्रमाण साधारण ५ ते १५ टक्के असते.

ओळख नसताना शत्रू ओळखतात कसा?

इथे सोसायटीच्या वॉचमनचे उदाहरण चालेल. टी पेशीच्या हातात वाँटेड आरोपीचा फोटो असतो. तो चेहरा दिसला की ती पकडते. एनके पेशीकडे असा फोटो नसतो. ती प्रत्येकाला ओळखपत्र मागते. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर एमएचसी-१ नावाची प्रथिने असतात. ती दिसली की एनके पेशीचा ब्रेक दाबला जातो आणि ती पुढे सरकते.

विषाणू इथेच फसतात. टी पेशी बाधित पेशीला ओळखते ती याच एमएचसी प्रथिनांवर मांडलेल्या विषाणूच्या तुकड्यांवरून. म्हणून अनेक विषाणू, तसेच कर्करोगाच्या काही पेशी, ही प्रथिनेच काढून टाकतात. टी पेशी चकते. पण ओळखपत्र गायब झाल्याने एनके पेशीचा ब्रेक सुटतो. त्यातच त्या पेशीवर ताणाच्या खुणा दिसल्या की हल्ला होतो. स्वीडनच्या क्लास शेरे यांनी ही कल्पना मांडली आणि त्यांच्या गटाने १९८६ मध्ये ती उंदरांवरील प्रयोगांनी दाखवून दिली. शत्रूची खूण शोधण्याऐवजी स्वतःची खूण हरवली आहे का हे पाहायचे, हे तत्त्व एरवी कुणाला सुचले नसते.

मारण्याची पद्धत दोन टप्प्यांची आहे. एनके पेशी लक्ष्याला चिकटते आणि आपल्यातले कण त्या फटीत सोडते. परफोरिन हे प्रथिन पेशीच्या आवरणाला भोक पाडते आणि त्यातून ग्रॅन्झाइम आत शिरतात. ते पेशीला आत्मनाशाची आज्ञा देतात. पेशी फुटून घाण पसरत नाही, ती आतल्या आत मोडते. उरलेला राडा साफ करायला येतात त्या मेचनिकॉव्ह यांच्या मॅक्रोफेज पेशी.

या पेशी नसतील तर काय होते, याचे उत्तर १९८९ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या एका मुलीच्या नोंदीतून मिळाले. तिच्या शरीरात एनके पेशी नव्हत्या. कांजिण्या आणि त्याच नागीण गटातील इतर विषाणूंचे संसर्ग तिला एकामागोमाग एक जिवावर बेतण्याइतके तीव्र झाले. एरवी याच विषाणूंना बहुतेक मुले सहज पचवतात.

जुने भांडण आजच्या औषधांत कसे मिटले?

एनके आणि मॅक्रोफेज पेशी एकमेकींना हाकही मारतात. जंतू गिळलेली मॅक्रोफेज पेशी इंटरल्युकिन-१२ हे द्रव्य सोडून एनके पेशीला जागे करते. एनके पेशी उलट इंटरफेरॉन गॅमा सोडते आणि त्याने मॅक्रोफेजची गिळलेले जंतू मारण्याची ताकद वाढते.

प्रतिपिंडांशीही त्यांचे नाते आहे. एनके पेशीवर प्रतिपिंडाची शेपटी पकडणारा ग्राहक असतो. एखाद्या पेशीवर प्रतिपिंडे चिकटलेली दिसली की एनके पेशी ती शेपटी धरते आणि त्या पेशीला मारते. लिम्फोमा या कर्करोगावर दिले जाणारे रिटुक्सिमॅब हे औषध असेच एक प्रतिपिंड आहे. त्याची भारतीय आवृत्ती २००७ मध्ये बाजारात आली. सलाइनमधून प्रतिपिंड जाते, ते बी पेशींना चिकटते आणि पुढचे काम काही प्रमाणात एनके पेशी, मॅक्रोफेज आणि बोर्दे यांनी शोधलेले रक्तजलातले घटक मिळून करतात.

पुढचा टप्पा एनके पेशी हेच औषध म्हणून देण्याचा आहे. अमेरिकेतील एमडी अँडरसन कर्करोग केंद्रात नाळेच्या रक्तातून काढलेल्या एनके पेशींवर कृत्रिम ग्राहक बसवून त्या लिम्फोमा आणि एका प्रकारच्या रक्ताच्या कर्करोगाच्या ११ रुग्णांना देण्यात आल्या. २०२० मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार आठ जणांना फायदा झाला, त्यातील सात जणांत आजाराची चिन्हे दिसेनाशी झाली. रुग्ण थोडे होते आणि बहुतेकांना नंतर इतर उपचारही दिले गेले, हे लक्षात घ्यायला हवे. एनके पेशी शरीरात फार काळ टिकत नाहीत. घट्ट गाठींच्या कर्करोगात त्या आतवर पोहोचत नाहीत आणि पोहोचल्या तरी गाठीतले वातावरण त्यांना थंड करते. त्यावर काम सुरू आहे.

दरम्यान, ‘एनके पेशी वाढवा’ असा दावा करणाऱ्या कॅप्सूल आणि पावडरी ऑनलाइन मिळू लागल्या आहेत. मेचनिकॉव्ह यांच्या नावाने खपणाऱ्या गोळ्यांपेक्षा त्यांच्यामागचा पुरावा फारसा बळकट नाही.